बंबवाले पेडणेकर आणि नापास गाडी

पेडणेकरकाका कुठलंही बंद दार उघडण्याआधी त्याला उलटा हात लावून बघायचे. आमच्या चाळीतल्या सार्वजनिक संडासाचं दारसुद्धा. आत बसलेल्या माणसाला एवढंच कळायचं, की बाहेरून कुणीतरी दार चाचपतंय. तो आतून खेकसायचा, "अहो, आहे मी!" काका शांतपणे म्हणायचे, "बसा, बसा. दार थंड आहे."

सत्तावीस वर्षं त्यांनी फायर ब्रिगेडमध्ये काढली होती. बंद दाराआड आग असेल तर दार तापतं आणि तापलेलं दार एकदम उघडायचं नसतं, हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं, की रिटायर झाल्यावरही हात ऐकेना. बोरीवलीत आमच्या गल्लीत सगळे त्यांना बंबवाले पेडणेकर म्हणायचे. अंगाने हे एवढे थोरले, आवाज खर्जातला, आणि मिशी मात्र अगदी बारीक. "जाड मिशी पेटते गो," असं त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं होतं. खरं की थट्टा, मला आजही माहीत नाही.

मी तेव्हा त्याच चाळीत तळमजल्यावर टायपिंगचा क्लास चालवायचे. चार मशिनी, त्यातली एक मराठी. सकाळ-संध्याकाळ पोरापोरींची खडखड, आणि दुपारी लोकांचे अर्ज. टायपिंगवाल्या बाईकडे लोक डॉक्टरकडे आल्यासारखे येतात. सगळं सांगतात, रडतात, मग म्हणतात, एवढं सगळं अर्ध्या पानात बसवा. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, त्यात कार्बनने बोटं काळी झालेली. पण काकांवर मला कधी नीट चिडता आलं नाही. प्रयत्न भरपूर केला.

लग्नाला बोलवा, हा माणूस आधी दारं मोजणार. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मंडपाच्या कापडाखाली आचाऱ्याची भट्टी बघितली आणि गेले तिथे. आचारी म्हणाला, "काका, जिलबी तळतोय, मध्ये येऊ नका." काकांनी दोन पोरं धरली, वाळूची घमेली आणवली आणि भट्टी कढईसकट पंधरा पावलं लांब नेऊन ठेवली. इकडे मंगलाष्टकं संपत आली, तरी निम्मी वऱ्हाडी मंडळी तोंड फिरवून भट्टीची मिरवणूक बघतायत! नवरदेवसुद्धा. आई मला म्हणाली, "पुढच्या लग्नाला ह्यांना बोलवू नकोस." पुढचं लग्न माझं व्हायचं होतं, ते काही झालं नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

गणपतीत चाळीची आरती असायची. सगळे टाळ वाजवतायत, झांजा वाजवतायत, आणि पेडणेकरकाका कापूर जळेपर्यंत पाण्याची बादली धरून ताठ उभे. तोंडाने आरती खणखणीत म्हणायचे हं. पण डोळे देवाकडे नाहीत, ताम्हनाकडे. एकदा मी म्हटलं, "काका, देवाला नमस्कार तरी करा." म्हणाले, "बायो, हात रिकामे नाहीत. त्याला समजतं."

सुमनकाकी म्हणजे त्यांची बायको. काकांच्या खांद्याएवढी आणि त्यांच्या दुप्पट तिखट. सत्तावीस वर्षं या बाईने घरात स्टोव्ह पेटवला तोसुद्धा परवानगीने. रॉकेलचा स्टोव्ह खिडकीपासून किती लांब, पदर कुठे खोचायचा, काड्यापेटी कुठल्या फळीवर, सगळ्याचे हुकूम होते. पण काकींच्या हाताला चव अशी होती, की शनिवारी त्यांनी घावणे टाकले आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली, की माझ्या क्लासमधली पोरं चुकीच्या कळा दाबायला लागायची.

काकींचं एक मनात होतं. आपलं खाणं चार परक्या माणसांनी रस्त्यावर उभं राहून खावं आणि वर आणखी मागावं. बरीच वर्षं होतं. काका रिटायर झाल्यावर त्यांनी ते बोलून दाखवलं, आणि आश्चर्य म्हणजे काका हो म्हणाले. एका बेकरीची मोडीत निघालेली पाव पोचवायची बंद गाडी त्यांनी मिळवली. बाजू कापून खिडकी केली, आत शेगडी आणि गॅसचा बाटला बसवला. स्टेशनपासून थोडं पुढे मैदानाच्या कडेला महापालिकेकडून एका गाडीपुरती जागा मिळण्यासारखी होती. अट एकच. महिनाअखेरीच्या आत आरोग्य खात्याचा आणि फायरचा असे दोन्ही दाखले आणून द्यायचे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

आता हातगाडीचे नियम होते, हॉटेलचे नियम होते. पण चाकांवरच्या बंद स्वयंपाकघराचे नियम कुणाकडेच नव्हते. दुसरा कुणी असता तर यातून पळवाट काढून मोकळा झाला असता. काका उलट खूश झाले. म्हणाले, "मग दोन्हींचे नियम पाळू." झालं! वाट लागली माझी.

हॉटेलचा छापील फॉर्म घेऊन ते माझ्याकडे आले. "चार कार्बन घाल गो."

"काका, चौथी प्रत वाचता येत नाही."

"वाचूक नको. असली म्हणजे झालं."

फॉर्ममध्ये रकाना होता, जागा कितव्या मजल्यावर. काका दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "लिही, चाकांच्या वर." पुढे होतं, शेजाऱ्यांची हरकत आहे काय. मी म्हटलं, गाडीला शेजारी कुठून आणणार? तर हे खरंच मैदानावर गेले, आजूबाजूला उभ्या राहणाऱ्या नारळपाणीवाल्याची, चप्पल शिवणाऱ्याची आणि एका टॅक्सीवाल्याची सही घेऊन आले. टॅक्सीवाला तिथे फक्त पंक्चर काढायला थांबला होता. त्याचीही हरकत नव्हती.

आरोग्य खात्याचे बर्वे नावाचे इन्स्पेक्टर होते. बारीक, चष्मेवाले, उन्हातही छत्री. माणूस भला, पण गाडी बघून गोंधळला. त्यांनी नियमाचा कागद काकांच्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं, स्वयंपाकघराच्या भिंतींना जमिनीपासून चार फूट पांढऱ्या लाद्या असाव्यात. काकांनी आठ दिवस खपून गाडीला आतून पांढऱ्या लाद्या बसवल्या! दिसायला झकास. सगळी चाळ बघायला आली. मग गाडी बर्व्यांना दाखवायला निघाली, पहिल्याच स्पीडब्रेकरवर उसळली, आणि आतून जो काही आवाज झाला, तो ऐकून चाळीतल्या म्हाताऱ्या जपमाळ सोडून गॅलरीत आल्या. अकरा लाद्या शिल्लक राहिल्या होत्या.

बर्वे आत डोकावले. छत्रीच्या टोकाने एक तुकडा बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "पेडणेकर, कागदाच्या पाठीमागे वाचलंत का? तिथे लिहिलंय, लादी शक्य नसेल तिथे पत्रा चालेल."

काकांनी कागद उलटला. "आमच्यात हुकूम एका बाजूला असतो, साहेब," ते म्हणाले.

मग पत्रा लागला. पाण्याची टाकी आली, झाकणाची कचरापेटी आली. दोघांनी टायफॉइडची सुई टोचून घेतली. त्या वेळी मी दाखल्याची नक्कल घ्यायला सोबत होते. आगीत घुसणारा हा माणूस सुई बघितल्यावर डॉक्टरांना विचारतो, "मागचं दार कुठं उघडतं?" काकी इतक्या हसल्या, की त्यांची सुई टोचायला नर्सला थांबावं लागलं. बर्व्यांनी आरोग्याचा दाखला दिला. राहिला फायरचा. त्याची कुणालाच काळजी नव्हती. घरचंच कार्य ते! सगळ्यांनी तो मिळाला असंच धरलं होतं, आणि काकींनी पाटीसुद्धा रंगवायला दिली होती.

तपासायला जाधव नावाचा तरुण ऑफिसर आला. काकांच्या हाताखालीच तो पाण्याचा होज धरायला शिकलेला. आल्याआल्या पायाला हात लावला, काकींचे तीन घावणे खाल्ले, बोटं चाटली, पेन काढलं आणि म्हणाला, "काका, सही कुठे करू?"

"आधी बघ तरी."

"तुमच्या गाडीत मी काय बघणार? काहीतरीच काय!"

"मग मी दाखवतो," काका म्हणाले. त्यांनी त्याला दंडाला धरून आत नेलं. मी खिडकीपाशी उभी होते, काकी शेगडीजवळ. काकांनी मागच्या दाराकडे बोट केलं. "बाटला कुठे आहे?"

"दाराशी."

"दारं किती?"

जाधवने मागे-पुढे बघितलं.

"बाटल्याने पेट घेतला तर आतला माणूस कुठून बाहेर जाणार? खिडकीतून? माझं पोट बघितलंस? लिही. दार एकच. नापास."

"काका, सोडा ना," जाधव अगदी काकुळतीला आला. "एवढं कोण बघतंय? बाटला थोडा सरकवा, मी सही करतो."

"सरकवायला जागा नाही. मी मोजलंय. लिही तू."

आणि त्या बिचाऱ्याने लिहिलं. महिना संपायला बारा दिवस राहिले होते. माझं डोकं असं फिरलं! मी खिडकीतून ओरडले, "काका, तुम्हाला काय वेड लागलंय?" काकींनी शेगडी विझवली, तवा पुसला, पदर खांद्यावर घेतला आणि चालत घरी गेल्या.

त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या. चाळीतली दहा बाय बाराची खोली. दोघं समोरासमोर बसलेले, आणि काकी मला हाक मारून म्हणायच्या, "शालन, ह्यांना सांग, आमटी निवतेय." मी काकांना सांगायचे. काका मला सांगायचे, "तिला सांग, मीठ बरोबर आहे." मीठ कमी असलं तरी बरोबरच असायचं त्या दिवसांत. तिसऱ्या दिवशी मी हात जोडले. म्हटलं, मी टायपिंगवाली आहे, पोस्टखातं नाही.

त्याच दुपारी काका फेरतपासणीचा अर्ज घेऊन आले. मी मशीनवर बसले, पण घुश्शातच. विचारलं, "काका, खरं सांगा. जाधव सही करत होता. तुम्हाला काय अडचण होती?"

ते बराच वेळ माझ्या टेबलावरचा खोडरबर फिरवत राहिले. मग म्हणाले, "एका चहाच्या हॉटेलात गेलो होतो गो. मागे कोंदट भटारखाना. दार एकच, आणि दाराशी बाटला. भटारी आत. आम्ही पोचलो तेव्हा तो दारापर्यंत आला होता. तिथपर्यंतच आला होता." खोडरबर जागेवर ठेवून म्हणाले, "आता तिथे सुमन उभी राहणार."

त्या ओळीत मी तीन चुका केल्या. म्हटलं, हे काकींना सांगितलंत का? तर म्हणाले, "भायरच्या गोष्टी घरात सांगायच्या नसतात. झोप जाते घरच्यांची." मी मात्र त्याच संध्याकाळी काकींना सांगितलं. मी कशाला गप्प बसू! काकींनी ऐकून घेतलं, भांडी घासायची थांबवली नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं ह्यांना वाटतंय, मी झोपत होते."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः वेल्डरला घेऊन गाडीपाशी हजर झाल्या. गाडीच्या आत शेगडीची जागा आणि ड्रायव्हरची खोली यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती. ती कापून तिथे दार काढायचं ठरलं. काकांनी मापं घेतली, काकींनी ती चूक ठरवली, पुन्हा घेतली. बोलणं अजून माझ्यामार्फतच होतं, पण आवाज चढले होते, म्हणजे प्रकृती सुधारत होती. कामाच्या चौथ्या दिवशी दार झालं आणि पाचव्या दिवसापासून सराव. काकांनी घड्याळ लावायचं आणि काकींनी पाठ म्हणून दाखवायचं. आधी बाटला बंद, मग वाळू, मग बाहेर, मग आरडाओरडा. "उलट नाही हं," काका बजावायचे. "आधी बाटला." दिवसातून वीस वेळा. मला झोपेत पाठ झालं होतं, काकींचं काय झालं असेल!

जाधवने निरोप पाठवला, की मी परत येणार नाही, काकांसमोर मला घाम फुटतो, मोठ्या साहेबांना पाठवतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मोठे साहेब आले. इस्त्रीचा युनिफॉर्म, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. घावण्याला हात लावला नाही. दारं उघडून-मिटून बघितली, बाटल्याची नळी हाताने चाचपली, वाळूच्या बादलीत बोट घालून वाळू ओली नाही ना तेही बघितलं. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही कीर्तन चाललंय. माझ्या हातात टाइप केलेले सगळे कागद होते.

मग साहेबांनी विचारलं, "शेगडीवर कोण उभं राहणार?"

"मी," काकी म्हणाल्या.

"मग उत्तर तुम्ही द्यायचं. पेडणेकर, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." काकांनी तोंड मिटलं. कपाळावरची शीर तेवढी फुगली. "बाई, समजा, बाटल्याच्या नळीने पेट घेतलाय. तुम्ही दोघं आत आहात. पहिलं काय कराल?"

काकींनी बाटल्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मी मनातल्या मनात ओरडत होते, बाटला, काकी, बाटला!

"आधी ह्यांका भायर काढीन," काकी म्हणाल्या.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. काकांच्या घशातून कसलासा आवाज आला. साहेब म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे पहिल्यांदा बाटला बंद करायचा असतो."

"तो ह्यांनी केलेलाच असणार साहेब. हा माणूस बाटल्यावर हात ठेवूनच उभा असतो. वाळूही तेच टाकणार. पाणीही तेच मारणार. पण बाहेर यायचं ह्यांच्या लक्षात राहत नाही. सत्तावीस वर्षं मी घरात बसून वाट बघितली. तेव्हा मला हात लांब करून ह्यांना ओढता येत नव्हतं. आता येतं." एवढं बोलून त्यांनी खरंच काकांचं मनगट धरलं आणि ओढलं. एवढा थोरला माणूस त्या नव्या दारातून ड्रायव्हरच्या खोलीत, तिथून खाली रस्त्यावर. वाटेत वरच्या पत्र्याला त्यांचं डोकं टण्‌कन आपटलं. "आवशीचो घो!" काका कळवळले.

"बघा," काकी धापा टाकत म्हणाल्या. "निघाले ना?"

नारळपाणीवाला कोयता हातात धरून तोंड उघडं टाकून बघत होता. साहेब खाली उतरले. त्यांनी वही उघडली, पण लिहिलं नाही. काकांकडे वळून म्हणाले, "पेडणेकर, आता बोला. तुम्ही स्वतःची गाडी नापास केलीत, असं जाधव सांगत होता. मग आता तुम्हीच सांगा. हे उत्तर बरोबर की चूक?"

माझा जीव असा टांगणीला लागला! कारण हा माणूस काय बोलेल याची कुणीच खात्री देऊ शकत नव्हतं. काका डोकं चोळत उभे होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते काही पत्रा लागल्यामुळे नव्हतं, एवढं मला कळत होतं.

"चूक आहे, साहेब," ते म्हणाले. "साफ चूक आहे." मग वहीकडे बोट केलं. "पण पास करा."

साहेबांनी बॉनेटवर वही ठेवून सही केली, शिक्का मारला. मी कागद पुढे करत होते, एक, दोन, चार प्रती. त्या गडबडीत माझं लक्ष त्या दोघांकडे गेलं. काकींनी मनगट अजून सोडलं नव्हतं. आणि काकांनीही ते सोडवून घेतलं नव्हतं. भर रस्त्यात, चार माणसांसमोर, डोक्यावर टेंगूळ घेऊन ते तसेच उभे होते.